निळी रेघ

"पुन्हा काढलीत," सिस्टर म्हणाल्या. हातातली पिशवी अजून खाली ठेवली नव्हती. "काढलीत ना? मी दर मंगळवारी येऊन काय भिंतीशी बोलून जाते?"

शिवणकाकू शिलाई मशीनसमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. उजवा पाय पुढच्या स्टुलावर होता. पावलापासून गुडघ्याखालपर्यंत पट्टी होती खरी, पण तिच्यावरच्या निळ्या रेघेचे तुकडे झाले होते.

ही रेघ म्हणजे सिस्टरची स्वतःची युक्ती. पट्टी बांधून झाली की खिशातले निळे पेन काढायचे आणि नडगीवरून, सगळ्या वेढ्यांवरून, खालपासून वरपर्यंत एक सरळ रेघ ओढायची. पट्टी आठ दिवस तशीच राहिली तर रेघ अखंड राहते. कोणी ती सोडून पुन्हा गुंडाळली तर रेघेचा एक तुकडा इकडे, एक तिकडे. मग रोग्याने कितीही शपथा घेऊ देत. सत्तावीस वर्षांच्या घरभेटींत या रेघेने सिस्टरनी भल्याभल्यांना पकडले होते. खाज सुटते म्हणून काढणारे, उकडते म्हणून काढणारे, शेजाऱ्यांना जखम दाखवायची हौस म्हणून काढणारे. सगळ्यांना एकच मात्रा, ती म्हणजे सिस्टरचे तोंड. बाई फटकळ, पण हात असा की त्यांनी बांधलेली पट्टी आठव्या दिवशीही बोटभर सरकत नसे. आरोग्य केंद्राच्या हद्दीतले सगळे लोक त्यांना पाठीमागे पट्टीबाई म्हणत आणि सिस्टरना ते ठाऊक होते. मनातून आवडतही होते.

काकूंची जखम आतल्या घोट्याच्या वर होती. पायाच्या शिरा ढिल्या पडल्या की रक्त खाली साचते, आणि साचलेल्या रक्तात जखम भरत नाही. मलम कोणतेही लावा, खरे काम घट्ट पट्टीचे. ती रक्त वर ढकलते. पण त्यासाठी ती पायावर राहायला हवी. सिस्टरनी पट्टी सोडली, खालचा गॉज सलाइनने भिजवून उचलला आणि नाक जरा बाजूला केले. मागच्या आठवड्यात कडेने गुलाबी कातडी धरू लागली होती. ती आता नव्हती. तिथे फाटल्यासारखी लाल कड होती आणि तळाशी पिवळा थर.

"बघ," त्या दारात उभ्या असलेल्या काकूंच्या मुलाला म्हणाल्या. "अशीच राहिली तर पाय जाईल एक दिवस. मग बसा मशीन चालवत."

मुलगा वेल्डर होता. उंच, रुंद, हळू बोलणारा. मंगळवारी तो मुद्दाम उशिरा कामावर जायचा, सिस्टर आल्या की जिन्यावरून त्यांची पिशवी वर आणायचा, हात धुवायला कोमट पाणी काढून ठेवायचा. घरभेटींत असा मुलगा सिस्टरना पाच वर्षांतून एखादा दिसायचा. त्याची बायको वर्षभरापूर्वी घर सोडून गेली होती. त्यानेच एकदा मान खाली घालून सांगितले होते, आणि सिस्टरचा जीव त्याच्यासाठी हळहळला होता.

"मी तरी किती सांगू, सिस्टर," तो म्हणाला. "मी कामावर गेलो की आई काढते. ऐकतच नाही."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून हे चौथे घर होते, गुडघे दुखत होते, आणि समोर तीच मोडकी रेघ.

"हात बांधून ठेव यांचे," त्या म्हणाल्या. "खरं सांगते. काही होत नाही. पण पट्टीला हात लागता कामा नये."

"खरंच बांधू?"

"बांध. मी सांगितलं म्हणून सांग."

काकूंनी तेव्हा मान वर करून सिस्टरकडे पाहिले. तेरा-चौदा मंगळवारांत पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत. सिस्टरना वाटले, बाईला राग आला. आला तर आला. त्यांनी नवी पट्टी बांधली, रेघ ओढली, कार्डावर लिहिले: रुग्ण सहकार्य करत नाही.

त्यानंतरच्या चार महिन्यांत ते वाक्य कार्डावर सोळा वेळा लिहिले गेले.

रेघ मोडतच राहिली. जखम दोन बोटांची होती ती चार बोटांची झाली. मध्येच कड धरायची, सिस्टरना बरे वाटायचे, आणि पुढच्या मंगळवारी सगळे पुन्हा उखडलेले. शिवाय पट्ट्यांची नासाडी. पट्टीत ताण असतो तोवरच तिचा उपयोग. एरवी ती तीन-चार महिने पुरते, पण काकूंची पंधरा दिवसांत मेल्यासारखी लांबलचक व्हायची. ओढली तर ताणायची, सोडली तर परत यायची नाही. सिस्टर ती काढून घ्यायच्या आणि नवी द्यायच्या.

"धुताना पिळता की काय तिला? दोरी वळता का तिची?"

"हलक्या हातानं धुते," काकू म्हणायच्या. एवढेच. ऐन उकाड्यातही त्या मनगटापर्यंत बाह्यांचा झगा घालून बसलेल्या असत. सिस्टरना त्याचे काही वाटले नाही. त्या सत्तावीस वर्षे पाय बघत आल्या होत्या.

एकदा मुलगा पाण्याचे पातेले ठेवायला आत गेला होता, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही कधी शनिवारी याल का?"

"शनिवारी कशाला? तुमचा वार मंगळवार. तिथं दारावर कार्ड लावलंय, त्यावर ठळक लिहिलंय. मी वार बदलला तर सगळा गाव बदला म्हणेल."

"बरं," काकू म्हणाल्या आणि मशीनच्या चाकावर हात ठेवून बसल्या.

सिस्टरना आपल्या वारांचा अभिमान होता. मंगळवारी दहा वाजून दहा मिनिटांनी त्या जिना चढत. खाली बसणारा घड्याळ दुरुस्त करणारा म्हणायचा, सिस्टर, तुमच्यावर घड्याळ लावतो मी. थट्टा होती, पण खोटे नव्हते.

*

केंद्रात नव्याने आलेल्या डॉक्टरीणबाई शनिवारी सकाळी जुन्या रोग्यांची कार्डे घेऊन बसायच्या. वयाने लहान, सिस्टरच्या निम्म्या. सही करता करता त्यांनी काकूंचे कार्ड उलटसुलट केले.

"चौदा महिने झाले या जखमेला. शिरांची तपासणी झालीय, साखर नाही, रक्त बरं आहे. ही जखम भरायला हवी होती, सिस्टर."

"हवी होती. पण बाई पट्टी ठेवेल तर ना. लिहिलंय मी."

"ते वाचलं. नियमानं सहा महिने सहकार्य नसेल तर घरभेट बंद करून मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं. तिथं पाय काढण्याचीच भाषा होईल बहुतेक." त्यांनी पेन थांबवले. "पट्टी काढताना तुम्ही पाहिलंय तिला?"

"पाहायचं कशाला? रेघ मोडलेली असते ना."

"रेघ मोडते म्हणजे कोणीतरी पट्टी काढली. कोणी काढली, ते रेघेवरून कसं कळणार?"

डॉक्टरीणबाईंनी सहज विचारले होते. टोमणा नव्हता. पण सिस्टरच्या कानांत उकळते पाणी ओतल्यासारखे झाले. ज्या वर्षी ही मुलगी जन्मली त्या वर्षी आपण पहिली पट्टी बांधली, आणि ही आपल्याला रेघ शिकवते. "मी बघते," एवढे बोलून त्या तरातरा मागच्या सामानाच्या खोलीत गेल्या. चार शिव्या मनातल्या मनात देऊन झाल्या. पाचवी सुचेना.

कोपऱ्यात बाद मालाचे खोके होते. वाया गेलेल्या पट्ट्या सिस्टर त्यात टाकत आणि सहा महिन्यांनी एकदम जाळायला देत. काकूंच्या पट्ट्या वरच होत्या, चिठ्ठी लावलेल्या, सगळ्या धुतलेल्या, नीट गुंडाळलेल्या. सिस्टरनी एक उलगडली. पाहायचे काय, हेही त्यांना नक्की माहीत नव्हते.

पायाला बांधलेली पट्टी सगळीकडून सारखी सैल होते. ही तशी नव्हती. मधला हातभर भाग पिळवटून दोरीसारखा झाला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या कडक सुरकुत्या होत्या, गाठ मारून खूप वेळ ओढून धरल्यावर पडतात तशा. दुसऱ्या पट्टीला त्याच जागी त्याच सुरकुत्या. तिसरीलाही. तिसरीच्या आतल्या बाजूला, धुऊनही न गेलेला, वंगणाने उठलेला अंगठ्याचा काळा ठसा. काकूंचा अंगठा एवढा नव्हता, आणि त्यांच्या हाताला कधी खडूच्या भुकटीशिवाय काही लागलेले नसे.

सिस्टरनी पट्टी आपल्या मनगटांभोवती घेतली. एक टोक दातांत धरले आणि आवळले. सुरकुत्या आपापल्या जागी बरोबर येऊन बसल्या.

त्या तशाच उभ्या राहिल्या, दातांत पट्टी धरून, हात बांधलेले. आपलाच आवाज त्यांना ऐकू आला. बांध. मी सांगितलं म्हणून सांग. त्या खोक्यावर बसल्या. मग आठवले ते काकूंचे वर झालेले डोळे. तो राग नव्हता. आणि मग आठवले, शनिवारी याल का. वेल्डिंगचे वर्कशॉप शनिवारी बंद असते. हे त्यांना कधीपासून माहीत होते.

आज शनिवारच होता. कोणालाही काही न सांगता त्यांनी पिशवी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवे होते, पोलिसांना फोन करायला हवा होता. पण अजूनही त्यांना वाटत होते की आपले तोंड सुटले की कोणीही वठणीवर येते. सत्तावीस वर्षांची खोड ती.

*

घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसला होता. सिस्टरना पाहताच त्याचा हात थांबला.

"आज कशा? आज तर शनिवार."

"मग?"

"मंगळवारी या, सिस्टर. आज वर जाऊ नका."

वर रेडिओ मोठ्याने लावला होता. गाण्याच्या मध्ये मध्ये काहीतरी लाकडावर आपटत होते. गाण्याच्या ठेक्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

"तुम्हाला ऐकू येतं हे?"

"वर्षभर येतंय." त्याने भिंग काढले नाही. "मी तरी काय करणार? एकटा माणूस."

मी तरी काय करणार. सिस्टर जिना चढू लागल्या. पिशवी आणायला आज खाली कोणी आले नाही.

दार त्यांनी तीनदा ठोठावले. रेडिओ बंद झाला. दार अर्धे उघडले आणि मुलगा दिसला. अंगात बनियन, पायांत कामावरचे लोखंडी टोकाचे बूट. कपाळावर घाम होता, पण चेहरा नेहमीसारखा शांत.

"सिस्टर, तुम्ही? या ना," तो म्हणाला.

काकू त्याच खुर्चीत होत्या. हात एका बाजूला ओढून मशीनच्या लोखंडी पायाला बांधलेले, त्यांच्याच पट्टीने. वेढ्यांवर निळ्या रेघेचे तुकडे दिसत होते. झगा गुडघ्याच्या वर गेला होता, आणि उजव्या घोट्याच्या जागी घोटा असा दिसतच नव्हता. रक्त पावलावरून मशीनच्या पायट्यावर टपकत होते. तोंडात कापडाचा बोळा होता. त्यावर बारीक टीप घातलेली होती. काकूंच्या हातची.

"आता बघा, काढतच नाही पट्टी," मुलगा म्हणाला. "तुम्ही सांगितलं तसं बांधतो. हात मोकळे असले की मध्ये आणते, मग नीट लागत नाही."

सिस्टरच्या ज्या तोंडाला अख्खे गाव टरकून होते ते कोरडे पडले होते. त्या पुढे गेल्या, काकूंच्या तोंडातला बोळा काढला आणि खाली बसून गाठ सोडू लागल्या.

"राहू द्या," तो म्हणाला. "माझं व्हायचंय अजून."

"बाजूला हो."

"याच पायानं गेली होती दार उघडायला. मी झोपलेलो आणि हिनं कडी काढून दिली बायकोला. माझ्या बायकोला." तो हे तक्रार सांगावी तसे सांगत होता. "मग? त्या पायाला कळायला नको?"

एक गाठ सुटली. सिस्टर दुसरीला भिडल्या, तेव्हा त्याने खाली वाकून त्यांचे उजवे मनगट धरले. हिसका दिला नाही, घाई केली नाही. हात मशीनच्या कडेवर आडवा ठेवला, एका तळव्याने कोपर दाबून धरले आणि दुसऱ्या हाताने सळई वाकवावी तसा पंजा खाली वाकवला. कट् असा आवाज झाला. तो सिस्टरनी आधी ऐकला आणि मग कळ डोक्यात गेली. त्या किंचाळल्या. त्याने त्यांना केसांना धरून भिंतीशी नेले आणि डोके आपटले, एकदा, आणि नीट लागले नाही असे वाटून पुन्हा एकदा. त्या खाली घसरल्या तशी बुटाची लाथ बरगडीत बसली.

"तुम्हाला मी किती मान देत होतो," तो म्हणाला, आणि दुसऱ्या लाथेसाठी पाय मागे घेतला.

ती लाथ आली नाही. काकूंचा एक हात सुटला होता. मशीनवर कापड कापायची मोठी कात्री होती, वर्षानुवर्षे त्यांच्या अंगठ्याने झिजलेली. काकूंनी ती घेतली आणि खुर्चीतून न उठता, जेवढा हात पोचत होता तेवढ्यात, मुलाच्या मांडीत मागून घातली. पार मुठीपर्यंत. मग बाहेर ओढली.

तो ओरडला नाही. त्याने मागे वळून आईकडे पाहिले, काहीतरी विचारायचे राहून गेल्यासारखे, आणि गुडघ्यावर बसला. रक्त उसळून येत होते, नाडीच्या ठोक्याबरोबर. सिस्टरनी असे रक्त दोनदा पाहिले होते. दोन्ही वेळा माणूस पाच मिनिटांत गेला होता.

त्या भिंतीशी पडून त्याच्याकडे बघत राहिल्या. जाऊ दे, असे त्यांच्या मनात स्पष्ट आले. त्यांना त्याची लाज वाटली नाही. पुढेही कधी वाटली नाही.

"सिस्टर," काकूंचा आवाज आला. बोळ्याने चिरकला होता. "दाबून धरा ना."

सिस्टर हलल्या नाहीत.

"माझा आहे हो तो. धरा."

मग सिस्टर सरपटत गेल्या. उजवा हात लोंबत होता. डावा तळवा त्यांनी मांडीच्या जखमेवर ठेवला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. मुलगा त्यांच्याखाली थरथरत होता. "हलू नकोस," त्या म्हणाल्या, "हलू नकोस, मेल्या." काकूंनी एका हाताने दुसरा सोडवला, जी पट्टी मनगटावरून निघाली तीच त्यांच्याकडे फेकली, आणि सिस्टरनी दातांनी टोक धरून ती त्याच्या मांडीला आवळली. तोवर जिन्यावर पावले वाजली. घड्याळवाला वर आला होता, मागे दोघे-तिघे. भिंग अजून त्याच्या डोळ्याला होते.

*

हॉस्पिटलात जबाब घ्यायला पोलीस आला. कात्री कोणी मारली, त्याने विचारले.

"जिनं मारली तिला विचारा. मी एवढं सांगते की त्याआधी माझा हात मोडला होता, आणि ती नसती तर मी तुमच्याशी बोलायला उरले नसते. आणि आणखी एक लिहा. हात बांधायला मी सांगितलं होतं."

"ते लिहायची गरज नाही, सिस्टर. तुम्ही वेगळ्या अर्थानं म्हणाला असाल."

"मी त्याच अर्थानं म्हटलं होतं. बांध म्हटलं होतं. लिहा."

त्याने लिहिले. त्या ओळीमुळे पुढे केंद्राकडून विचारणा झाली, चौकशी पूर्ण होईपर्यंत घरभेटी बंद, असे पत्र आले आणि सिस्टरना सामानाच्या खोलीत बसवण्यात आले. डॉक्टरीणबाईंनी दोनदा वरच्यांना लिहून पाहिले. सिस्टर म्हणाल्या, नका लिहू. उजव्या हाताला प्लास्टर होते. घरी मोठी बहीण त्यांची वेणी घालून द्यायची आणि म्हणायची, आयुष्यभर दुसऱ्यांना बांधलंस, आता बस स्वतः बांधून घेऊन. एरवी सिस्टरनी उलट उत्तर दिले असते. आता त्या गप्प बसायच्या, आणि त्या गप्प बसण्यानेच बहीण घाबरायची.

मुलगा वाचला. कात्री स्वच्छ होती, जखम ताजी होती, कडा सरळ होत्या. टाके घातले, दहाव्या दिवशी काढले, आणि तो स्वतःच्या पायांनी चालत कोठडीत गेला. हे सिस्टरना कळले तेव्हा त्या बराच वेळ हातातल्या कापसाच्या गुंडाळीकडे बघत राहिल्या. दहा दिवस. वाईट माणसाचे मांस वेगळे नसते.

काकू हॉस्पिटलात पाच आठवडे होत्या. तिथून त्यांना सून घेऊन गेली. जिच्यासाठी त्यांनी कडी काढली होती, तीच. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिची एक खोली होती, सिस्टरच्या हद्दीबाहेर. सिस्टरनी पत्ता मिळवला, एक मंगळवार रजा टाकली आणि निघाल्या. दाराशी पोचल्या तेव्हा दहा वाजून दहा मिनिटे झाली होती. मुद्दाम नाही, पाय तसेच पडले होते.

सुनेने दार उघडले. तिच्या भुवईतून एक जुना पांढरा वण गेला होता. तिने प्लास्टरकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे.

"आई, पट्टीबाई आल्यात," ती आत बघून म्हणाली. सिस्टर उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. सत्तावीस वर्षांत त्या कोणाच्या दारात अशा थांबल्या नव्हत्या.

"येऊ दे," काकू म्हणाल्या.

काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. अंगात अर्ध्या बाह्यांचा झगा होता. दोन्ही मनगटांवर कातडी काळपट, चकचकीत झाली होती. पाय स्टुलावर उघडा होता. सून ड्रेसिंग बदलायच्या तयारीत होती. गॉज नवा ठेवला होता, पट्टी गुंडाळलेली बाजूला. जखम सिस्टरनी लांबूनच पाहिली. तळ लाल, स्वच्छ. चारही बाजूंनी गुलाबी कड आत सरकत होती. दोन बोटांची उरली होती. सात आठवड्यांत एवढी. चौदा महिन्यांत जे झाले नाही ते.

सिस्टरनी वाटेत वाक्ये जुळवली होती. त्यांतले एकही आठवेना.

"मी त्याला सांगितलं होतं, काकू," त्या म्हणाल्या. "हात बांधायला. मी सांगितलं."

"हो," काकू म्हणाल्या.

बाहेर कोणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. सून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"दर शनिवारी तो तसंच म्हणायचा, सिस्टरनीच सांगितलंय. मग मंगळवारी तुम्ही यायचात आणि मलाच बोलायचात." काकूंच्या आवाजात राग नव्हता. झालेली गोष्ट सांगावी तसे त्या सांगत होत्या. "मला वाटायचं, तुम्हाला सगळं माहीत आहे."

सिस्टरना रडू आले. ते त्यांनी थांबवले नाही आणि पुसलेही नाही. डावा हात प्लास्टर सावरण्यात गुंतला होता. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी रडू नका म्हटले नाही.

बऱ्याच वेळाने सिस्टरनी नाक ओढले आणि पट्टीकडे पाहिले. "एका हातानं बांधता येते मला," त्या म्हणाल्या. आणि मग, आयुष्यात कोणत्याच रोग्याला न विचारलेले विचारले, "हात लावू का?"

काकूंनी जरा विचार केला.

"आज नको."

"बरं."

काकूंनी स्वतः पट्टी घेतली. पावलाच्या आतल्या बाजूने सुरुवात केली, टाच झाकून घेतली, घोट्याभोवती घट्ट आणि वर जाताना हलकी, प्रत्येक वेढा खालच्याच्या बरोबर अर्ध्यावर. शिवणारा हात तो. कडा अशा जुळल्या की सिस्टरना त्यात खोट काढायला काही उरले नाही. इतके महिने समोर बसून काकूंनी प्रत्येक वेढा पाहून ठेवला होता. शेवटी टोक चिकटवायला दोन हात हवे होते. तेव्हा काकूंनी न बोलता ते सिस्टरसमोर धरले. सिस्टरनी ते डाव्या अंगठ्याने दाबून धरले. काकूंनी चिकटपट्टी लावली.

सवयीने सिस्टरचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. तो तिथेच थांबला.

"द्या," काकू म्हणाल्या.

त्यांनी पेन घेतले, टोपण दातांनी काढले, आणि पायाकडे वाकून नडगीवरून, अकराच्या अकरा वेढ्यांवरून, खालपासून वरपर्यंत एक निळी रेघ ओढली. ती शिवणीसारखी सरळ होती. मग पेन परत दिले आणि झगा खाली ओढून घेतला.

"मंगळवारी या," त्या म्हणाल्या. "आणि बघा."